वसुधाताईंनी आधीच जोडून ठेवलेलं सगळं

वसुधाताई आज सकाळी गेल्या आणि ऑफिसात कुणाचंही काम अडलं नाही.

वाचायला कठोर वाटेल. पण हे ऐकून सगळ्यात जास्त खूश त्याच झाल्या असत्या.

नोएडातली आमची छोटी कंपनी ब्लड बँकांचं सॉफ्टवेअर सांभाळते. ताई आमच्या डेटाबेस ॲडमिन. माहेर पुण्याचं, घर मयूर विहारला, आणि रागावल्या की थेट हिंदी.

पूर्वी नवीन माणूस आला की सर्व्हरचा पत्ता, पोर्ट नंबर, सगळं हाताने टाकायचा. एक आकडा चुकला की डेटाबेस उघडायचा नाही.

मग ताईंना फोन. सुट्टी असो, सण असो, ताईंनाच फोन.

त्यांची आई गेली तेव्हा त्या पुण्याला होत्या. दहाव्याला घाटावर असताना फोन वाजला.

"सगळे कावळा शिवायची वाट बघतायत आणि मी कुणाला तरी पोर्ट नंबर सांगतेय," हे त्यांनीच मला सांगितलं होतं. हसत नव्हत्या.

परत आल्या त्या पेटूनच. सगळी कनेक्शन्स एकदाच नीट भरली आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आपोआप पोचतील अशी सोय केली. खऱ्या डेटाबेसला लाल रंग, तिथे फक्त वाचायची परवानगी. सरावाच्या डेटाबेसला हिरवा.

पासवर्ड मात्र ज्याचा त्याने टाकायचा.

"ताट वाढून ठेवलंय. घास तुमचा तुम्ही घ्या."

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये भेटलो. आज नवी बॅच येणार होती.

"ताई, जॉइनिंग पुढे ढकलू का?"

"बिल्कुल नाही. पहिली नोकरी आहे त्या मुलांची."

"पण कुणाचं अडलं तर?"

"अडू नये म्हणून तर केलंय ना, यार!"

मग म्हणाल्या, "आणि मला पोचवायला याल तेव्हा सगळे या. एकाला फोनपाशी बसवून येऊ नका."

मी विषय बदलला.

आज आम्ही सगळे गेलो. अख्खी टीम. नवी मुलं ऑफिसात, सोबतीला फक्त एचआर.

खरं सांगतो, माझं अर्धं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं.

अग्नी दिला. फोन वाजला नाही.

तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

संध्याकाळी ऑफिसात आलो तर पानिपतची एक नवी मुलगी डेटाबेस उघडून छान कामाला लागलेली.

"सर, इसमें तो सब पहले से भरा हुआ था. मैंने बस अपना पासवर्ड डाला. किसने किया ये?"

मी ताईंचं नाव सांगितलं. आम्ही कुठून आलोय तेही सांगितलं.

तिने वळून पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "उन्हें थैंक यू बोलना था."

ताई, तिचं थँक यू पोचवतोय. आमचंही त्यातच घ्या.

निवांत जा.

आता कुणाचाही फोन येणार नाही.