साहेबासमोरची खुर्ची

मंजुळा निकाळजे हिचे आजोबा महूच्या पलटणीत सुभेदार होते. त्यामुळे बाकीच्या पोरी भातुकली खेळत त्या वयात हिला लान्स नाईकपासून कर्नलपर्यंतचे हुद्दे ओळीने पाठ होते. हे ज्ञान कधी कामाला येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. मग ब्याण्णव साली इंदूरच्या कापड मिलला टाळं लागलं आणि तिथे सोळा वर्षं लूम चालवणारा, शेवटी जॉबर, म्हणजे लूमवाल्यांचा मुकादम झालेला तिचा नवरा अश्वजित घरी बसला.

रडत बसणाऱ्यांतली ती नव्हतीच. बारावीपर्यंतच्या इंग्रजीच्या जोरावर तिने पाटनीपुऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला. पीथमपूरच्या नव्या कारखान्यांत मुलाखती इंग्रजीत होत, म्हणून मिलचे चौदा जण आले. फळ्यावर खालून वर हुद्दे: सुपरवायझर, मॅनेजर, डायरेक्टर. कोणाला सर म्हणायचं, कोणाला मिस्टर. अश्वजित मात्र आतल्या दारातूनच ऐके. बायकोला मॅडम म्हणणं त्याच्या गळी उतरेना.

पहिले तिघे मुलाखतीला गेले आणि हात हलवत परत आले. शब्द तर तोंडपाठ होते! मंजुळाने खोदून विचारलं, तेव्हा त्यांतला संताजी खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, साहेब म्हणाले, सिट डाउन. आता साहेबासमोर कुर्सीवर कसं बसणार? मी म्हटलं, नो सर, ठीक है सर. त्यांनी तीनदा सांगितलं. मग त्यांना वाटलं, याला अंग्रेजी समजतच नाही."

बाकी दोघांचंही तेच. मिलमध्ये साहेब बसे आणि कामगार उभा राही. ती शिस्त पायांत मुरली होती, आणि पायांना कुठली इंग्रजी! मंजुळाने कपाळाला हात लावला, फळा पुसला आणि टेबलासमोर खुर्ची मांडली.

"आजपासून शब्द बंद. आधी बसायला शिका."

सगळे हसले, पण एकेक जण खुर्चीच्या कडेवर असा टेकला की वाटावं, खाली निखारे आहेत. चार दिवसांत बाकीचे बसू लागले. अडून राहिला तो घरचाच. सोमवारी त्याची मुलाखत होती, आणि ही हुकली तर जॉबरची विद्या विसरून हमाली करायची, हे दोघांनाही कळत होतं.

रविवारी दुपारी मंजुळा टेबलामागे बसली. "मिस्टर निकाळजे, प्लीज सिट डाउन."

अश्वजितचे हात आपोआप जुळले. "मंजू, अपने से नाही होत. वीव्हिंग मास्टरसमोर, आमच्या खात्याच्या साहेबासमोर, सोळा वर्षांत एकदाही बसलो नाही मी."

"माझे आजोबा कर्नलसमोर उभे राहत ते घाबरून नाही. उभं राहण्याचा हुकूम होता म्हणून," ती कडाडली. "उद्या बसण्याचा हुकूम होईल. तो मोडून तुम्ही कोणाचा मान राखणार?"

तो बसला. पाठ टेकवून बसला.

सोमवारी तो परतला तेव्हा ती दारातच होती.

"बसलो," तो म्हणाला. "साहेबांनी विचारलं, कापडात पट्टे का पडतात. मी तोडक्यामोडक्या अंग्रेजीत सांगायला लागलो, तर ते आपली कुर्सी ओढून माझ्या बाजूला येऊन बसले. एक तारखेपासून सुपरवायझर."

मंजुळाने अभिमानाने तीच क्लासातली खुर्ची ओढून त्याच्यापुढे ठेवली.

"अजून एक विचारलं. अंग्रेजी कोणी शिकवली? मी म्हटलं, माय मास्टर, सर. मंजुळा मॅडम. माय वाइफ." अश्वजितने नजर चुकवली. "तेवढं सांगताना मात्र मी उभा राहिलो."