औषध बायकोला, पथ्य मला

मुरुम गावात आप्पा वैद्याकडं म्या बारा वर्सं औषध कुटलं. औषध लोकानी नेलं, खाल्लं, बरे झाले. किस्से तेवढे माझ्यापाशी साचले. कुनी बी भेटलं की म्हनतंय, "हणमंता, सांग की एखादा!" सांगतो. पर आधीच बोलून ठेवतो, ह्या किश्शांतलं गाढव दुसरं कोन न्हाय, म्याच हाय.

*

निजाम जाऊन आठ-धा वर्सं झालती. उमरग्यात नवा इंजेक्शनवाला डॉक्टर आलता. लोकं म्हनायचे, सुई टोचली की काम खलास, वैद्याच्या दारात कोन बसतंय?

तरी एक ट्रक ड्रायव्हर पोट धरून आप्पाकडं आला. आप्पानी त्येचं मनगट धरलं, डोळे झाकले आन इचाराय लागले. झोपतोस कवा? भाकरी बसून खातोस का गाडी हाकत? घरात कुनासंगट वाजलंय का?

ड्रायव्हर तापला. "आप्पा, दुखतंय पोटात! तुमी माझ्या घरात कशाला शिरायलाव?"

आप्पा म्हनले, "आरं, पोट काय एकलंच चालत आलंय का? सगळा मानूस आलाय की!"

आयुर्वेद म्हंजे काय, ते मला एवढंच कळलं. बाकी अंगात वारं हाय, जाळ हाय, पानी हाय. वात, पित्त, कफ म्हनत्यात त्येला. तिघं आपापल्या जागी नांदले की मानूस धड. एकानं दंगा केला की आजार.

म्या इचारलं, "आप्पा, माझ्यात काय जास्ती हाय?"

मनगट बी धरलं न्हाय. म्हनले, "तुझ्यात जाळच हाय. बाकीचे दोघं भिऊन पळून गेल्यात!"

*

आवळ्याची पूड दगडी खलात, आवळ्याच्याच रसात घोटायची असती. रस टाकायचा, घोटायचं, सुकू द्यायचं. असं सात दिवस. हात एका चालीनं फिरला पायजे. आप्पा म्हनायचे, घोटताना मनात राग नको. म्या मनात हसायचो. दगडाला काय कळतंय?

सातव्या दिवशी दारात एक पेशंट माझ्यासंगट हुज्जत घालून गेला. म्या तसाच येऊन खलावर बसलो आन असा दणका दिला की खलाच्या काठाचा टवका उडाला. दगडाचा चुरा औषधात!

आप्पानी सात दिवसाचं औषध उचललं, उकिरड्यावर नेऊन वतलं. परत आले, खलावरनं बोट फिरवलं.

"हणम्या, दगड बी कटाळला रं तुला."

*

हा किस्सा सांगताना अजून मान वर होत न्हाय.

लांबच्या खेड्यावरनं एक म्हातारी चालत आली. आप्पानी चूर्न दिलं, मधासंगट घ्यायला सांगितलं. मग ते आत गेले. म्हातारीनं मला इचारलं, "लेकरा, कशासंगट घ्यायचं?" म्हनलं, मधासंगट. पुडी बांधून झाली, परत इचारलं. परत सांगितलं. उंबऱ्यातनं माघारी आली. "इसरले बघ. कशासंगट म्हनलास?"

माझं डोस्कं सटकलं. म्या वरडलो, "शेनासंगट घे!"

आठ दिवसानं म्हातारी आली. आप्पाच्या पाया पडली. म्हनली, "आप्पा, गुन आला बगा. खोकला निम्मा गेला. पर तेवढं शेन गिळवंना वो!"

आप्पानी माझ्याकडं बघितलं. मग म्हातारीला म्हनले, "आजी, आता ते बंद करा. आता मधासंगट घ्या." आन सोताच्या हातानं मधाची बाटली तिच्या पदरात बांधली.

 मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

आता घरचं सांगतो. माझी बायको गोदा. लगीन होऊन नऊ वर्सं झालती, आन त्या साली तिचं अन्नच तुटलं. दोन घास खायची, ताट सरकवायची. हातातल्या बांगड्या कोपरापतुर वर सराय लागल्या. उमरग्याला नेलं, इंजेक्शनं झाली, टॉनिकची बाटली झाली. काय न्हाय! गावाला औषध कुटनाऱ्याची बायको वाळत चाललेली. लोकांसमोर आप्पाकडं न्यायची बी मला शरम वाटली.

शेवटाला नेली. आप्पानी लई येळ नाडी धरली.

"पोरी, सैपाक कोन करतंय?"

"म्याच."

"जेवतीस कवा?"

"हे जेवल्यावर."

"तुझं जेवन होईपतुर जवळ कोन असतंय?"

 म्या म्हनलं, "म्या असतो की आप्पा! खा खा म्हनून वरडत असतो. न्हायतर ही खाती कुठं?"

आप्पानी तिचं मनगट सोडलं. पुडी बांधली, तिच्या हातात दिली.

"औषध हिला. पथ्य तुला."

पथ्य काय, तर आधी तिनं जेवायचं. ती हात धुईपतुर म्या उंबऱ्याच्या भाईर बसायचं. तोंड बंद!

*

आमच्याकडं बायको आधी जेवती आन नवरा भाईर बसतो, असं कुनी बघितलंय? म्या पायरीवर बसलो. समोर रसूलचाचाची टेलरिंगची मशीन. त्येनी चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी हसून म्हनले, "क्या रे हणमंता, जोरू बाहर निकाली क्या?"

म्या हातातला तांब्या फेकून हानला. मशिनीची सुई मोडली.

आत भाकरी मोडल्याचा आवाज येत होता, तो थांबला. जाऊन बघतो तर ताट झाकलेलं. गोदा चुलीपाशी पाठ करून बसलेली.

आप्पाला सांगितलं. म्हनले, "मोडलं पथ्य. परत पयल्यापासनं." मग हळूच म्हनले, "हणम्या, हिच्या पोटातला जाळ इझत चाललाय. म्या औषधानं पेटवतो, तू फुकर मारून इझवतोस. असंच चाललं तर ही हाताला लागनार न्हाय. तुला खरं सांगतो."

म्या तसाच चाचाकडं गेलो. म्हनलं, "चाचा, चुकलं."

चाचा म्हनले, "सुई तो मैं बदल डाल्या. तेरे कू कौन बदलता?"

 पायरीवर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी बी बसलो. रोज बसलो. येनारे-जानारे हसायचे. म्या दात आवळून पायाची नखं बघत बसायचो.

*

महिना-सवा महिना गेला असंल. एका दुपारी आप्पाकडनं आलो. सकाळपासनं कुटून कुटून खांदे भरलेले, पोटात कावळे. पथ्य-बिथ्य काय ध्यानात ऱ्हायलं न्हाय. दार ढकललं, चपला घालून तसाच आत, "वाढ गं!" म्हनून वरडलो.

गोदा ताटावर बसलेली.  मनात म्हनलं, मेलो! आता ही ताट झाकती.

तिनं वळून बी बघितलं न्हाय.

"दिसंना का वो? जेवायले म्या!"

आवाज असा की वळचनीखालच्या कोंबड्या उडाल्या. नऊ वर्सांत तिचा तसला आवाज म्या ऐकला नव्हता. समोरची मशीन थांबली.

म्या चपला काढून हातात घेतल्या. भाईर येऊन पायरीवर बसलो. आत ती तव्यावरनं आनखी एक भाकरी घेत होती.

रसूलचाचा मशीन सोडून रस्त्यात आलते. घाबरून म्हनले, "क्या हुआ रे?"

म्हनलं, "काय न्हाय, चाचा. जेवायलीय."