पान लागलं

कडुलिंबाचा पाला चुरगळल्याचा वास आला की अजून मला ती दुपार आठवते. दुष्काळाचं वर्ष होतं आणि पाटोद्याजवळच्या पारधी वस्तीवर मी ‘सर्पदंश व उपचार’ अशी पत्रकं वाटत होतो. भर दुपारी एका झोपडीमागून किंकाळी आली. पळत गेलो तर रांजणाशेजारी एक बाई बसलेली, सासरा तिला मुठीनं लिंबाचा पाला चारत होता. ‘काय झालं?’ विचारलं तर म्हणाला, ‘पान लागलं हिला.’ मला वाटलं, काहीतरी विषारी पान खाल्लंय. मीठपाणी पाजा, ओकारी काढा, असा मी शहाण्यासारखा ओरडत राहिलो, पाजलंही. मग ती म्हणाली, ‘मामा, पाला कडू लागंना.’ म्हातारा माझ्यावर खेकसला, ‘इख चढलं की तिला! रांजणाखाली ओलीला बसलंतं. त्याचं नाव घेऊ न्हाई, म्हणून पान म्हंत्यात, येड्या!’ मी धावत जाऊन दूध संघाच्या गाडीला आडवा झालो. ड्रायव्हर हसला, ‘पारध्याला कुठं चढतंय बे इख?’ ‘तिच्या पापण्या मिटायला लागल्यात, उतरून बघ बे!’ मी म्हणालो. त्यानं बघितलं आणि कॅन उतरवले. दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, ती वाचली. त्या ड्रायव्हरचं वाक्य मी पुढं प्रत्येक सभेत तावातावानं सांगितलं. मीठपाण्याचं मात्र आज पहिल्यांदा लिहितोय.