जकातबाईची चोरवाट

ऑफिसात तिला सगळे जकातबाई म्हणत, कारण तिच्या नाक्यावरून तपासणीशिवाय एकही कमांड पुढे सरकत नसे. रुग्णालयांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर तपासायला तिने एक टूल लिहिलं होतं. एका ओळीची कमांड दिली की ते रुग्णांची नावं तशीच ठेवून बाकीच्या रकान्यांत बनावट माहिती भरायचं. अर्थात, फक्त चाचणीच्या डेटाबेसात. डेटाबेसचं नाव टाकलं नाही, चुकलं किंवा खऱ्या रुग्णालयाचं दिलं, तर टूल जागीच अडायचं. पोरं कुरकुरायची, "ताई, आता शिंकायलाही परवानगी लागणार का?"

"लागणार. आधी नाव टाक."

पण दिवसातून चाळीस वेळा तेच नाव टाकून तीही वैतागली होती. म्हणून तिने स्वतःपुरती एक चोरवाट ठेवली. कमांडच्या शेवटी 'मीच' लिहिलं की तपासणी नाही. नाव नसेल तर समोर उघडा असेल तो डेटाबेस घ्यायचा. चुका दुसरेच करतात, याची तिला पक्की खात्री होती. ही घमेंडच होती, दुसरं काय!

त्या दिवशी सकाळी दादाने आईला रुग्णालयात दाखल केलं. तिथून त्याचा तिला ऑफिसात फोन आला, "आईला कुठलं इंजेक्शन चालत नाही गं? नाव आठवत नाहीये."

"तू काही सांगू नकोस, भलतंच सांगशील. तिथे आमचंच सॉफ्टवेअर आहे, त्यांच्या कॉम्प्युटरवर आहे सगळं."

तरी तिच्या जिवाला चैन पडेना. तिने त्या रुग्णालयाचा खरा डेटाबेस उघडून आईची नोंद पाहिली. ॲलर्जीच्या रकान्यात औषधाचं नाव होतं. तिला हायसं वाटलं. मग त्याच काळ्या पडद्यावर, हाताच्या सवयीने, तिने रोजची कमांड टाकली. शेवटी 'मीच'.

टूल अडलं नाही. दहा हजार नोंदी बदलल्या, असं पडद्यावर आलं.

दहा हजार? चाचणीच्या डेटाबेसात तर जेमतेम पाचशे होत्या. तिने आईची नोंद पुन्हा काढली. ॲलर्जी: नाही.

बॅकअप चढवायला तास लागणार होता. रुग्णालयाचा फोन कुणी उचलेना. तिने दादाला लावला.

"दादा, आईला इंजेक्शन देऊ नका म्हणावं!"

"अगं, आत्ताच दिलं. नर्स फार चांगली आहे हं. मी म्हटलं, हिला काहीतरी चालत नाही, तर बिचारी दोनदा कॉम्प्युटर बघून आली. काही नाही म्हणाली."

त्याच्या मागे कुणीतरी आईला मोठमोठ्याने हाका मारत होतं.