चाळीस मिनिटांचं निदान

माझी धाकटी बहीण उरणजवळच्या एका गावात दिलेली. बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात तिची झोप उडाली. हात कापायचे, छाती धडधडायची, वजन झपाट्यानं उतरलं. भांडी आपटायची आणि मग स्वतःच रडत बसायची. सासरच्यांनी तिला बाजारपेठेतल्या एका समुपदेशकाकडे नेलं. चाळीस मिनिटांत त्यानं लेटरहेडवर लिहून दिलं: ‘बायपोलर डिसऑर्डर. बाळाला एकटं सोपवू नये.’

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी तिला मुरूडला आमच्या घरी आणून सोडलं. बाळाशिवाय.

मी सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “आमी काय मनानं बोलतो का? त्यांनी लिवून दिलंय. पोराला काय झालं तर?” त्यांच्यावर मला पूर्ण चिडताही येईना. कागदावर शिक्का होता.

बहीण दिवसातून तीन-चारदा मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, “ताई, आता येतच नाही.” त्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि तिला पनवेलच्या एका रुग्णालयात घेऊन गेले.

तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिच्याशी दीड तास बोलून काहीही लिहिलं नाही. “आज मी याला नाव देणार नाही,” त्या म्हणाल्या. “आधी थायरॉइड तपासून या. बाळंतपणानंतर बिघडू शकतो.” मी विचारलं, त्या दुसऱ्या माणसानं हे का नाही सांगितलं?  त्यांनी फक्त सांगितलं, की एम.ए. झाल्यावर त्यांनी दोन वर्षं रुग्णालयात वरिष्ठांच्या हाताखाली रुग्ण पाहिले, मगच नोंदणी मिळाली. “पहिलं वर्षभर माझ्या प्रत्येक कागदावर मॅडम लाल पेन फिरवायच्या. शरीराचं काही आहे का, हे आधी बघायचं, हेच घोकून घेतलं.”

थायरॉइडच निघाला. डॉक्टरांनी धडधडीवर गोळ्या दिल्या, काही महिन्यांत बसेल म्हणाले.

रिपोर्ट घेऊन मी एकटीच त्या समुपदेशकाकडे गेले. भिंतीवर चार सर्टिफिकिटं, काचेत मढवलेली.

“सर, तुमचं शिक्षण?”

“डिप्लोमा. ऑनलाइन.”

“किती दिवसांचा?”

“तीन महिने. पण माणसं वाचायचा मला अनुभव आहे.”

“बायपोलर कशावरून लिहिलंत?”

“त्या स्वतःच म्हणाल्या, बाळासाठी एकदम सहा झबली मागवली. मग रडल्यासुद्धा. दोन्ही टोकं दिसली.”

सहा झबली.  मी रिपोर्ट पुढे सरकवला आणि म्हटलं, चूक झाली एवढं लिहून द्या. तो म्हणाला, “मॅडम, ते निदान नव्हतंच. अंदाज होता.”

“अंदाजावर शिक्का मारता?”

त्यानं पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मग बहिणीला घेऊन मी तिच्या सासरी गेले. बोलायचं मी ठरवून गेले होते, पण ओटीवर तिनं मला गप्प केलं. रिपोर्ट नवऱ्याच्या हातात दिला. “मोठ्यानं वाचा. आईंनाही ऐकू दे.” मेहुणे अडखळत वाचत गेले. सासूबाईंनी बाळ आणून तिच्या मांडीवर ठेवलं. महिन्याभरानं बाळानं आईचं तोंड पाहिलं आणि भोकाड पसरलं. त्याला ती ओळखू आली नाही. बहीण त्याला थोपटत राहिली, आमच्यापैकी कोणाकडेही न बघता.

आता ती बरी आहे, बाळ तिला सोडत नाही. दूध मात्र परत आलं नाही. आणि अजूनही तिचा आवाज जरा चढला, की घरातलं कोणीतरी विचारतं, “गोळी घेतली का?”

मी तक्रार घेऊन मानसोपचार करणाऱ्यांची नोंदणी ठेवणाऱ्या एका कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचून परत दिला. म्हणाले, ज्यांची नोंदणी असते, त्यांच्यावर आम्ही कारवाई करतो. या माणसाची नोंदणीच नाही.

“म्हणजे शिकलेल्यानं चूक केली तर शिक्षा, आणि न शिकलेल्याला मोकळीक?”

साहेब म्हणाले, “तसा अर्थ काढू नका.”

 मी तो अर्ज पुन्हा लिहिला आहे, या वेळी पोलिसांसाठी. त्या समुपदेशकाच्या दाराबाहेर बाकावर अजूनही माणसं बसलेली असतात, बहिणीकडे जाता-येता मी बघते.