प्रिंटच्या ओळी

सोमाटण्याजवळच्या आमच्या छोट्या कंपनीत मशीन चालवणारे कंट्रोलर बनतात. त्यांच्या कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड आमची टीम लिहिते. एकदा एक कंट्रोलर मधूनच हँग व्हायला लागला. एरर नाही, काही नाही. नुसता गप्प.

आमच्या टीमच्या प्रमुख सरांनी कोडमध्ये जागोजागी प्रिंटच्या ओळी घातल्या, म्हणजे काम कुठपर्यंत पोचतं ते स्क्रीनवर दिसावं. ओळी घालताच हँग होणं थांबलं. सगळे खूश. ओळी तशाच ठेवून माल ग्राहकाकडे पाठवायचं ठरलं. कोड तपासून मी मंजुरी देणं तेवढं बाकी होतं.

मी दिली नाही.

"अगं, चालतंय ना? मग चालू दे की," सर म्हणाले.

"का चालतंय ते माहीत नाही, सर."

"मॅडमचं मौनव्रत सुटलं वाटतं!" शेजारच्या टेबलावरून एक जण म्हणाला. हशा पिकला. शाळेपासून हेच. मी मराठीत बोलले की सगळे उच्चारांना हसायचे, इंग्रजीत बोलले की शिष्ट म्हणायचे. म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. पण कमी बोलणं म्हणजे होकार नव्हे.

शनिवार-रविवार लोणावळ्यात, तुंगार्लीच्या घरी, शेजारच्या बंगल्यातल्या पर्यटकांचे स्पीकर सहन करत, मी कोड वाचला. दोन कामं होती आणि दोन लॉक, एक डिव्हाइसचं आणि एक डेटाच्या रांगेचं. लॉक एकाकडे असेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. एक काम आधी डिव्हाइसचं लॉक घेऊन मग रांगेचं मागत होतं. दुसरं बरोबर उलटं. दोन्ही नेमकी एकाच वेळी आली, की प्रत्येकाकडे एकेक लॉक, आणि दोन्ही एकमेकांसाठी कायमची खोळंबलेली. प्रिंटमुळे एकाला उशीर व्हायचा, तेवढ्यात दुसरं उरकून जायचं. चूक होती तिथेच होती.

सोमवारी मी प्रिंटच्या ओळी काढून टाकल्या आणि पहिलं लॉक घेतल्यावर दोन्ही कामांना मुद्दाम जरा थांबवलं. सगळ्यांसमोर चालवलं. कंट्रोलर लगेच हँग.

"मुद्दाम थांबवलंस तर बंद पडणारच!" सर म्हणाले.

"नीट लिहिलेलं काम थांबवलं तर उशीर होतो, सर. अडकत नाही."

मग दोन्हीकडे लॉक घेण्याचा क्रम एकच केला, थांबा मात्र तसाच ठेवला. कंट्रोलर रेंगाळत चालला, पण चालला. या वेळी कोणी हसलं नाही.

"बरं, तुझा बदल घाल. माझ्या ओळीही राहू देत. बिघडतंय काय?"

"ओळी राहिल्या तर त्या कोडवर माझं नाव नको."

माझे उच्चार पुन्हा सगळ्यांना ऐकू गेले असणार. जाऊ दे. सर चहाला गेले. मी तो थांबा काढला, प्रिंटची एकही ओळ उरली नाही हे पाहिलं आणि बदल पाठवला. बदल माझा, म्हणून आता मंजुरी सरांनी द्यायची होती. लोणावळ्याची बस सुटली, तरी मी खुर्चीतून उठले नाही.

"अजून गेली नाहीस?" परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"मंजुरी द्या, मग जाते."

त्यांनी खुर्ची ओढली आणि कोड वाचायला घेतला.