मधाने चिकटवलेली पाकळी

देवीच्या कपाळावर सकाळी लावलेल्या दोन्ही पाकळ्या दुपार झाली तरी तशाच आहेत. उजवी गळली तर होकार, डावी गळली तर नकार, असा आमच्या राज्याचा कौल. समोर बसलेल्या म्हातारीचा मुलगा राजाच्या युद्धावर गेला आहे; तो परत येईल का, याचा कौल ती मागते आहे.

झाडावरचं फूल गळायला कुणाला विचारत नाही. देवळात मात्र पाकळीवर सिंहासन ठरतं. हा राजा देवीने निवडलेला नाही. त्याच्या निवडीच्या कौलाला नकाराची डावी पाकळी गळू नये म्हणून सेनापतीच्या धाकाने मीच ती मधाने चिकटवली होती. त्यानंतर एकही पाकळी गळली नाही. देवीच्या नावाने उत्तरं मीच देत आलो. आज खोटं बोलवेना.

"पुजारीबाबा, देवी रागावली का हो?"

"नाही, माय. तिला मी मुकं केलं."

म्हातारी उठली नाही. पाकळ्यांकडेच बघत बसली.